पाठांतर सुटलं ते दशावतारामुळे: इंग्रजी संभाषणाच्या एका प्रकल्पाधारित अभ्यासक्रमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयातलं आहे. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालयाचं, गावांचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. कला आणि वाणिज्य शाखेची मुलं, बहुतेक आसपासच्या वाड्यांतून एसटीने येणारी, मराठी माध्यमातून शिकलेली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत यातल्या प्रत्येकाने बारा-तेरा वर्षं इंग्रजीचे तास केलेले असतात. पेपर सुटतो, निबंध जमतो. पण कोणी समोर उभं राहून इंग्रजीत साधा प्रश्न विचारला की मान खाली जाते.

गरज तर अगदी दारात आली होती. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि २०२३ मध्ये शेजारी गोव्यात मोपाचा. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी खोल्या भाड्याने दिल्या जातात, कोणाचा भाऊ मालवणात स्कूबाच्या बोटीवर असतो. या मुलांना इंग्रजी हवी होती ती पाहुण्याशी बोलायला.

महाविद्यालयात इंग्रजी संभाषणाचा ३० तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होताच. ३० तास यासाठी की महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या निकषांत मूल्यवर्धित, म्हणजे पदवीच्या नेहमीच्या विषयांपलीकडचा जादा अभ्यासक्रम किमान तेवढ्या तासांचा धरला जाई. सुरुवातीला वर्ग भरलेला असे, निम्म्यावर गळती लागे. तो नव्याने आखायचं ठरलं तेव्हा इंग्रजी विभागातल्या दोन शिक्षिका, मराठीचे एक प्राध्यापक आणि बाहेरून मी, असा छोटा गट बसला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी जी कारणं सांगितली ती नेहमीचीच होती: मुलं लाजतात, व्याकरण कच्चं आहे, घरी वातावरण नाही. यातलं काही खोटं नव्हतं. पण दोघींपैकी एका शिक्षिकेने जे सांगितलं त्याने चर्चेचं तोंडच फिरलं. आदल्या रात्री जत्रेत पाहिलेल्या दशावतारावर, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यावर, हीच मुलं कॅन्टीनमध्ये अर्धा तास तावातावाने बोलतात: कोणी संवाद कसा टाकला, कोणाचं सोंग पडलं. तीच मुलं वर्गात ‘माय हॉबी’ या विषयावर चार वाक्यांत संपतात.

जुन्या अभ्यासक्रमातले पाठ पुन्हा काढून पाहिले. विमानतळावरचा संवाद, हॉटेलातला संवाद, बँकेतला संवाद. दोन्ही बाजूंची वाक्यं छापलेली, दोन्ही मुलांना ती आधीच माहीत. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक, उत्तर देणाऱ्याला प्रश्न ठाऊक, आणि ऐकणाऱ्या शिक्षिकेला दोन्ही. अशा ठिकाणी बोलायची गरजच कोणाला पडत नाही.

भाषाशिक्षणात ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या पुढाकाराने दक्षिण भारतातल्या काही शाळांत जो प्रयोग चालला, तो बंगळुरू प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यात वर्गातल्या कामांची विभागणी तीन प्रकारच्या दरींवर केली होती: माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी. एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नसेल, तरच बोलणं घडतं. आमच्या जुन्या पाठांत यातली एकही दरी नव्हती. म्हणून नुसते पाठ बदलून भागणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: बाजारात मिळणारं संभाषणाचं पुस्तक ठेवायचं आणि त्यात स्थानिक नावं घालायची. ‘लंडन ब्रिज’च्या जागी सिंधुदुर्ग किल्ला. हा लगेच बाजूला पडला, कारण नावं बदलली तरी दरी तशीच राहते.

दुसरा पर्याय होता जिल्ह्याच्या संस्कृतीवर शिक्षकांनी इंग्रजीत पाठ लिहायचे. पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, सावंतवाडीची गंजिफा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी, दशावतार. यात श्रम खूप होते आणि मराठीच्या प्राध्यापकांना तो मनापासून आवडलाही होता. पण मग मुलं आपल्याच गावाबद्दल शिक्षकांनी लिहिलेलं वाचून दाखवणार. माहितीचा मालक पुन्हा शिक्षकच.

तिसरा, सत्रभर मिळून एक माहितीपट करायचा. तरुण मुलांना हा फार भावला. आमचा अनुभव असा की अशा कामात कॅमेरा आणि संकलन सगळा वेळ खातं. दोन मुलं निवेदन करतात, बाकीची तार धरतात. तीस तासांत सर्वांनी बोलायला हवं होतं.

शेवटी ठरलं ते असं: एकच विषय, एकापाठोपाठ एक असे तीन छोटे प्रकल्प, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी असा श्रोता जो मराठी जाणत नाही आणि ज्याला विषयही माहीत नाही.

विषय कोणता, यावर बराच काथ्याकूट झाला. पर्यटनाच्या दृष्टीने किल्ला सोयीचा होता आणि प्राचार्यांचाही कल तिकडेच होता. पण किल्ल्याची माहिती इंग्रजीत हवी तेवढी तयार मिळते. मुलं ती उतरवून पाठ करणार हे उघड होतं. दशावताराचं तसं नाही. जत्रेत रात्रभर बसून पाहिलेलं, आजोबांकडून ऐकलेलं, एखाद्याच्या काकांनी स्वतः सोंग घेतलेलं, असं ज्ञान मुलांकडे होतं आणि ते कुठल्याही संकेतस्थळावर नीटसं सापडत नव्हतं. शिवाय कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. अभ्यासक्रम डिसेंबरात सुरू झाला तर सगळं जिवंत पाहायला मिळणार होतं. निवड दशावताराची झाली आणि माझ्या मते पुढचं बरंचसं यश या एका निर्णयाचं आहे.

आखणी

पहिला प्रकल्प रंगपटाचा. पंचवीसेक मुलांचे पाच गट केले. एक गट रंगपटात बसून कलाकार स्वतःचं तोंड स्वतः कसं रंगवतात ते पाहणार, दुसरा पायपेटी, मृदंग आणि झांज वाजवणाऱ्यांशी बोलणार, तिसरा स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष कलाकारांशी, चौथा आडदशावताराबद्दल, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगाबद्दल माहिती काढणार, आणि पाचवा चाळीस-पन्नास वर्षं जत्रा पाहत आलेल्या प्रेक्षकांना भेटणार. परतल्यावर गट मोडून नवे गट करायचे, प्रत्येकात पाचही कामांतला एकेक जण. तिथे जे सांगायचं ते इंग्रजीत, कारण त्या टेबलावर ती माहिती दुसऱ्या कोणाकडेच नाही.

दुसरा प्रकल्प: नाटकाआधी पंधरा मिनिटं बाहेरच्या पाहुण्यांना काय पाहायला मिळणार आहे ते सांगायचं. पाहुणे म्हणून परदेशी पर्यटक शोधण्याचा विचार आधी होता. तो सोडला. जिल्ह्यात बदलीवर आलेले दुसऱ्या राज्यांतले बँक अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी होतेच. मराठी न येणारे, इथे दोन-तीन वर्षं राहणारे, आणि जत्रेच्या लाउडस्पीकरवर रात्रभर काय चालतं हे जाणून घ्यायला उत्सुक.

तिसरा प्रकल्प किनारी कर्नाटकातल्या एका महाविद्यालयाशी व्हिडिओ कॉलवर देवाणघेवाण. तिकडे यक्षगान आहे. दशावतारासारखंच रात्रीचं, पौराणिक आख्यानांवरचं, आणि त्यातलेही संवाद कलाकार ऐनवेळी रचतात. इकडच्यांना कन्नड येत नाही, तिकडच्यांना मराठी येत नाही. मध्ये इंग्रजी आपोआप येते.

भाषेच्या नियमावर दोन शिक्षिकांत मतभेद होता. एकीला वर्गात पाऊल टाकल्यापासून फक्त इंग्रजी हवी होती. दुसरीचं म्हणणं, कलाकाराशी मुलाखत इंग्रजीत होणं शक्य नाही आणि योग्यही नाही. तोडगा निघाला तो असा: माहिती मालवणीत गोळा करायची, टिपणं हव्या त्या भाषेत, पण ज्याला ती माहिती नाही त्याला सांगताना इंग्रजी. एका भाषेत ऐकलेलं दुसऱ्या भाषेत तिसऱ्याला पोचवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. युरोप परिषदेच्या भाषापातळ्यांच्या आराखड्याच्या २०२० च्या विस्तारात ‘मध्यस्थी’ म्हणून त्याचे तपशीलवार निकष दिले आहेत. मूल्यमापनाचे काही निकष आम्ही तिथूनच सोपे करून घेतले.

प्रत्यक्षात काय घडलं

पहिला प्रकल्प ठीक गेला, फार गाजला नाही. गट मोडून केलेल्या टेबलांवर मुलं बोलली, पण अडलं की मालवणीत उडी मारत होती. शिक्षिका एका टेबलावर आल्या की इंग्रजी, गेल्या की मालवणी.

खरा पेच दुसऱ्या प्रकल्पाच्या तालमीत आला. बँकेतले दोन अधिकारी तालमीला येऊन बसले होते. पहिल्या मुलाने दोन मिनिटं न अडखळता सांगितलं. इंग्रजी इतकी सफाईदार की ती फोनवर लिहून घेतलेली आहे हे कोणाच्याही लक्षात यावं. तो थांबल्यावर एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, “व्हाय इज द डेमन फनी?” राक्षस विनोदी का? प्रश्न संकासुराबद्दल होता. काळा पोशाख, बाहेर लोंबणारी लाल जीभ, वेद पळवणारा असा हा राक्षस आडदशावतारात येतो आणि मालवणीत बोलून लोकांना हसवतो. मुलगा क्षणभर थांबला आणि त्याने पाठ केलेला परिच्छेद पहिल्यापासून सुरू केला.

मागच्या बाकावर एक मुलगी होती. तोपर्यंतच्या सगळ्या तासांत तिने स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं. ती बसूनच म्हणाली, “सर, ही इज लाइक अस. ही टॉक मालवणी. अदर्स टॉक बुक मराठी. पीपल लाफ बिकॉज ही से व्हॉट वी थिंक.” अधिकाऱ्याने हसून विचारलं, मग तुम्हाला राक्षसच आवडतो तर. ती म्हणाली, “ऑल लाइक. बट लास्ट ही मस्ट डाय.”

क्रियापदं चुकली होती. पण उत्तर नेमकं होतं, विचार तिचा होता, आणि तिने आधी कुठेही ते लिहून ठेवलेलं नव्हतं. शिक्षिकेने तिथे काहीच दुरुस्त केलं नाही. वाक्यं वहीत टिपली आणि पुढच्या तासाला नाव न घेता फळ्यावर लिहून सगळ्यांकडून नीट करून घेतली. हा निर्णय ऐनवेळचा होता, पण पुढे तोच नियम झाला. बोलण्याच्या मध्ये दुरुस्ती नाही, दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांची.

आता पाठांतराचं काय करायचं? बंदी घालावी असं एक मत होतं. बंदीने मुलं गप्प होतील ही भीतीही रास्त होती. वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. पहिल्या प्रकल्पात मुलांनी एका ज्येष्ठ कलाकाराची मुलाखत घेतली होती, तिचं ध्वनिमुद्रण मराठीचे प्राध्यापक पुन्हा ऐकत होते. दशावतारात संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं आणि कोणी कोणतं सोंग घ्यायचं, हे नाटकाआधी ठरतं. कथेचा सांगाडा सर्वांना माहीत असतो, संवाद रंगमंचावर सुचतात. मुलांनी त्या कलाकारांना विचारलं होतं, मध्येच सुचेनासं झालं तर? त्यांचं उत्तर असं होतं की समोरच्या पात्राला प्रश्न टाकायचा, त्याच्या उत्तरात आपला धागा सापडतो.

वर्गाची पद्धत यावरच बेतली. प्रत्येकाला तळहाताएवढं एक कार्ड. त्यावर फक्त नावं आणि घटनांचा क्रम लिहायचा, वाक्य एकही नाही. बोलताना अडलात तर श्रोत्याला प्रश्न विचारा: तुमच्याकडे असं काही असतं का? मला काय म्हणायचंय ते कळलं का? हे प्रश्न मात्र आधी चांगले घोटून घेतले. गुणांची विभागणीही बदलली: निम्मे गुण सांगण्याला, निम्मे ऐनवेळी आलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांना. मुलांना हे पटवून द्यावं लागलं नाही. ज्यांचं नाटक ती लहानपणापासून पाहत होती, ते कलाकार असंच करतात, हे पुरेसं होतं.

तिसऱ्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट घडली, जी आखणीत नव्हती. कर्नाटकातल्या दोन मुली घरी कोकणी बोलणाऱ्या निघाल्या. इकडच्या एका मुलाचा त्यांच्याशी सूर जुळला आणि कॉल चक्क कोकणी-मालवणीत सुरू झाला. एका शिक्षिकेचा हात म्यूटच्या बटणाकडे गेला होता. दुसरीने थांबवलं. दोन-तीन मिनिटांनी तिने तिघांना सांगितलं, आता तुम्ही काय बोललात ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगा. तिकडची बाकीची मुलं काहीच न कळता बसली होती. त्यांना खरोखर ऐकायचं होतं, आणि त्या तिघांनी सांगितलेलं हे सबंध सत्रातलं सर्वांत ओघवतं इंग्रजी होतं.

काय गाळलं

पाचव्या गटाला देवळातल्या गाऱ्हाण्याबद्दल, म्हणजे देवासमोर म्हटल्या जाणाऱ्या साकड्याबद्दल, बरंच साहित्य मिळालं होतं. गाऱ्हाणं घालणं ही बोलण्याचीच एक समृद्ध परंपरा आहे आणि इंग्रजीत ते सादर करून दाखवावं असं काही मुलांना वाटलं. त्याच गटातल्या एका मुलाने ठाम नकार दिला. त्याच्या घरात ते म्हणण्याचा मान आहे. देवासमोर म्हणायची गोष्ट पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची नाही, असं त्याचं म्हणणं. गटाने त्याला मान दिला. गाऱ्हाण्याबद्दल सांगितलं गेलं, गाऱ्हाणं घातलं गेलं नाही. देवळातले मानपान आणि त्यावरचे गावातले वाद हेही प्रकल्पाबाहेर ठेवले. स्थानिक संस्कृती वर्गात आणायची म्हटल्यावर तिच्यातलं सगळंच आपल्याला वापरायला मोकळं आहे, असं मुळीच नाही. हे कोणत्याही आखणीत पहिल्या दिवशी बोलायला हवं.

कलाकारांना मानधन दिलं. ते अभ्यासक्रमाच्या खर्चातच धरलं होतं. रात्र जागून आलेल्या माणसाचा दिवसाचा वेळ फुकट मागणं बरोबर नव्हतं.

निष्पत्ती

पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचं ध्वनिमुद्रण केलं होतं: दोन मिनिटं बोलणं आणि तीन अनोळखी प्रश्न. दोन्ही ऐकल्यावर फरक जाणवतो तो प्रश्नांच्या भागात. पहिल्या आठवड्यात प्रश्नानंतर शांतता किंवा ‘नो सर’. शेवटच्या आठवड्यात बहुतेक जण प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारतात, दुसऱ्या शब्दांत सांगून पाहतात, उदाहरण देतात. उत्तरं लांबली आहेत. काळांच्या आणि क्रियापदांच्या चुका मात्र जवळपास तशाच आहेत. फळ्यावरच्या दुरुस्तीने काही मुलांना फायदा झाला, सगळ्यांना नाही.

गळती जुन्या अभ्यासक्रमापेक्षा कमी होती. जे मध्येच सोडून गेले त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे: त्यांना नोकरीच्या मुलाखतीची तयारी हवी होती आणि दशावतारावर बोलून ती होणार नाही, असं त्यांना वाटलं. शेवटपर्यंत राहिलेल्या काहींनीही हेच लिहून दिलं. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला तीस तास कुठे घालवायचे याचा हिशेब करावाच लागतो.

पुन्हा करायचं तर

मुलाखतीची तयारी वेगळी न ठेवता शेवटच्या आठवड्यात याच प्रकल्पावर उभी करता येईल. ‘तुम्ही केलेल्या एखाद्या कामाबद्दल सांगा’ हा मुलाखतीतला हमखास प्रश्न. त्याला या मुलांकडे आता खरं उत्तर आहे: कोणाला भेटलो, काय अडलं, गटात काय ठरवलं. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काही जण टिकले असते.

मुलींचा प्रश्न आखणीत उशिरा लक्षात आला. नाटक रात्री उशिरा रंगतं आणि परतीला एसटी नसते. यंदा ज्यांच्या गावात जत्रा होती त्यांच्या घरी बाकीच्या मुली राहिल्या. दोघींच्या घरून परवानगी मिळाली नाही आणि त्यांना चित्रफितीवर समाधान मानावं लागलं. त्यांच्या बोलण्यात तो फरक उघड दिसत होता. पुढच्या वेळी दशावतारी कंपनीला महाविद्यालयातच संध्याकाळी लवकर एक छोटा प्रयोग करायला बोलवावं, आणि त्याचा खर्च आधीच मंजूर करून घ्यावा.

पहिल्या प्रकल्पातली टेबलं शिक्षकांच्या नजरेशिवाय इंग्रजीत टिकली नाहीत, कारण त्या टेबलावर सगळे मालवणी बोलणारे होते. कर्नाटकातल्या मुलांशी पहिला कॉल अभ्यासक्रमाच्या शेवटी ठेवण्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात घ्यावा आणि त्यांनाच प्रश्न पाठवायला सांगावं, असा माझा आग्रह आहे. मग रंगपटात जाताना मुलांच्या हातात तिकडून आलेले प्रश्न असतील आणि टेबलावरचं बोलणं त्या उत्तरांची तयारी होईल. दोघी शिक्षिकांपैकी एकीला हे घाईचं वाटतं. तिच्या मते मुलांना आधी आपापसांत चुकायला जागा हवी. पुढच्या डिसेंबरात दोन तुकड्या होणार आहेत. एका तुकडीला पहिला कॉल दुसऱ्या आठवड्यात आणि दुसरीला सहाव्या आठवड्यात, असं ठरलं आहे.